टाचणीचं उट्टं

"जेवण राहिलं तर राहू दे, उट्टं राहता कामा नये."

हे टाचणीचं वाक्य. ती ते रागानं म्हणत नसे. चहा गाळताना म्हणायची, बुटाची नाडी बांधताना म्हणायची, बस समोरून निघून गेली तरी तिच्या मागे बघत शांतपणे म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरीला म्हणी पाठ करायची सवय आहे. तिच्या आईला मात्र ठाऊक होतं. ते वाक्य म्हणताना पोरीच्या पापण्या हलत नसत. नागीण डूख धरते म्हणतात. नागिणीचं मला माहीत नाही. ही पोर मी पाहिलेली आहे.

अंगानं बारीक, शब्दानं टोचरी, म्हणून टाचणी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच राहिलं.

आई चामड्याचं शिवायची. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काचेचं एक दुकान होतं, महागड्या बॅगांचं. एका बॅगेला एक कोनाडा, एका कोनाड्याला एक दिवा. माणसाला राहायला मिळत नाही अशी ऐसपैस जागा तिथे बॅगांना होती. दुकानाच्या मागे खिडकी नसलेली एक खोली. तिथे आईचं टेबल, आरी, चामडं कापायची रापी, मेणाचा दोरा. गिऱ्हाइकाच्या बॅगेचा बंद उसवला, कड झिजली, की ती बॅग आईकडे यायची आणि जाताना नवी होऊन जायची. आईचा टाका असा, की बोटाला लागायचा पण डोळ्याला दिसायचा नाही.

आणि आईकडे आणखी एक काम होतं. हंगाम सरला की न विकलेल्या बॅगा त्या खोलीत यायच्या. त्या स्वस्तात विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, तर कापायच्या. दुकानाच्या बाई म्हणायच्या, "स्वस्त खांद्यावर दिसली की महाग खांद्यावरून उतरते." धंद्याचा हा कायदा बॅगा बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि बाईंना तो मनापासून पटलेला होता. आईनं बॅगेच्या पोटातून आडवी रापी ओढायची आणि तुकडे पोत्यात भरायचे. कोंबडीनं स्वतःचीच अंडी फोडावीत, तसं ते काम.

एका हंगामाला आईच्या हातून एक बॅग कापली गेली आणि पोत्यात मात्र गेली नाही. गडद तपकिरी, पोट फाटलेली. आईनं ती पदराखाली घरी आणली आणि रात्री जागून शिवली. कचराच होता तो. कचरा उचलला तर कुणाचं काय गेलं, असं त्या भोळीला वाटलं. फक्त तिनं तो नको इतका चांगला शिवला. टाचणी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आईनं बॅगेत तिची शाळेची पुस्तकं घातली आणि म्हणाली, "जपून वापर, आणि दुकानाकडे फिरकू नकोस."

लेकराच्या खांद्यावर राज्य आल्यावर ते लेकरू गल्लीत किती दिवस फिरणार? एके दिवशी आई चष्मा घरी विसरली. टाचणीनं तो उचलला आणि दुकान गाठलं. मागचा दरवाजा तिला माहीत होता. पण अशी बॅग खांद्यावर असताना मागच्या दारानं कशाला जायचं? ती पुढच्या काचेच्या दारानं आत शिरली.

आत बाई एका श्रीमंत गिऱ्हाइकिणीला नवी बॅग दाखवत होत्या. त्या गिऱ्हाइकिणीनं टाचणीकडे पाहिलं, मग हातातल्या बॅगेकडे. "अगोबाई, शाळेत नेतात होय ही?" असं म्हणून हसली, बॅग काउंटरवर ठेवली आणि निघून गेली.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत. "ए, बाहेर ये गं. रापी घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

आई आली. लेकीला पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"काप."

"बाई, ही पोत्यातली आहे. टाकून दिलेली. चोरी नाही केली मी."

"चोर असंच म्हणतात. काप. तिच्या खांद्यावरच काप, म्हणजे दोघींच्या लक्षात राहील."

विकणाऱ्या मुली भिंतीला ओळीनं उभ्या होत्या. गल्ल्यावर पैसे घेणारी एक ताई होती, तेव्हा नवी-नवीच लागलेली. आईचा हात सरळ चालला. कापायची सवय होती ना. तिनं बंद कापला, मग पोट कापलं. पुस्तकं त्या चकचकीत फरशीवर पडली, कंपास उघडला, पेन्सिली घरंगळत पार दारापर्यंत गेल्या. कुणी वाकलं नाही. टाचणीनं एकटीनं सगळं फ्रॉकच्या ओच्यात गोळा केलं. बाई म्हणाल्या, "आता दोघी मागच्या दारानं जा." आणि दोघी गेल्या.

त्यानंतर आईनं चामड्याला हात लावला नाही. घरीच छत्र्यांना कापड शिवायची, गाद्यांच्या खोळी शिवायची. चोर हा शब्द तिच्या मागे गल्लीपर्यंत आला. नळावर बायका तिला बघून कळश्या जवळ ओढायच्या. ती कुणाला काही बोलली नाही. टाचणीही बोलली नाही. राख वर धरली की निखारा जास्त टिकतो.

वर्षं गेली. टाचणी बुटांच्या दुकानात विकायला उभी राहिली आणि राहता राहता साधी पदवीही करून बसली. मग एकदा तिनं घरी येऊन जाहीर केलं, की आता व्यवसायाची मोठी पदवी करायची. नुसती नाही, खास. लक्झरी, रिटेल आणि शाश्वतता.

मामा पार्सलची गाडी चालवायचा आणि रोज जेवायला यायचा. तो घास हातात धरून थांबला. "म्हणजे काय गं?"

"महागड्या वस्तू कशा विकायच्या, दुकानं कशी चालवायची, आणि हे सगळं करताना पृथ्वीची नासाडी कशी टाळायची."

"म्हणजे चोर आणि शिपाई एकाच पगारावर!" मामा खो-खो हसला. "आणि ही पदवी घेऊन करणार काय? आपल्या घरात लक्झरी म्हणजे मी आंघोळीला गरम पाणी घेतो, तेवढीच."

"मामा, तू जेव."

आईनं फक्त लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला कळलं. ती भाकरी करायला वळली.

प्रवेशाच्या मुलाखतीत सरांनी विचारलं, "हाच विषय का?" टाचणी म्हणाली, "या धंद्याची शिवण कुठे असते ते मला बघायचं आहे." सर खूश झाले. असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. शिवण बघणारा पुढे काय करतो, हे त्यांनी विचारलं नाही.

ती अभ्यासात बुडाली. किंमत कशी फुगवतात, वस्तू कमी ठेवून हाव कशी वाढवतात, एक कातडं कमावून चामडं करायला नदीचं किती पाणी नासतं, सगळं तिनं घोटून पाठ केलं. दिवसा बूट विकायची, संध्याकाळी वर्गात बसायची. बाकीची मुलं आईबापांच्या गाडीतून यायची. ती म्हणायची, त्यांना नोकरी पाहिजे, मला काम आहे.

पहिल्याच वर्षी वर्गाला एक काम मिळालं. गिऱ्हाईक बनून महागड्या दुकानात जायचं आणि तिथे कसं वागवतात ते पाहून यायचं. टाचणीनं मैत्रिणीचा लांब कोट मागून घेतला, केस वर बांधले आणि काचेचं तेच दार ढकललं. आता बाईंच्या केसांत रुपेरी बट आली होती. त्यांनी स्वतः पुढे येऊन ट्रेमधून पाणी दिलं. टाचणी मखमली खुर्चीत बसली. ही दाखवा. ती दाखवा. आतला खिसा बघू. तो वरचा कोनाडा. बाई स्वतः शिडीवर चढल्या. दुकानातली जवळजवळ प्रत्येक बॅग खाली उतरली, तेव्हा टाचणी उठली आणि म्हणाली, "छान आहेत. पण मनात भरत नाहीत." बाई हसून म्हणाल्या, "पुन्हा या हं."

"येणार ना," टाचणी म्हणाली.

दुसऱ्या वर्षी मोठा प्रोजेक्ट आला. एका दुकानात काही महिने काम करायचं, त्याचा कारभार बघायचा आणि शेवटी कंपनीच्या वरच्या लोकांसमोर तो मांडायचा. सरांनी वर्गात स्पष्ट विचारलं, "ज्या दुकानात जाणार, तिथे कुणाचं नातं, दोस्ती, वैर असेल तर आत्ताच सांगा. नंतर कळलं तर प्रोजेक्ट रद्द, आणि माझ्या वर्गात जागा नाही." वर्गात कुणाचा हात वर गेला नाही. टाचणीचाही नाही. मनात म्हणाली असेल, ज्याला वैर म्हणतात ते आता माझं नातंच झालंय.

तिनं बाईंचं दुकान मागितलं आणि तिला ते मिळालं. बाईंनी तिला ओळखलं नाही, ना ती पोर म्हणून, ना लांब कोटातलं गिऱ्हाईक म्हणून. आपण चिरडलेली मुंगी कुणी ओळखतं का? उलट त्या खूश होत्या, कारण त्यांना तेव्हा अशीच मुलगी हवी होती. कंपनीचा कायदा बदलला होता. जगात बोंब झाली होती, की हे बड्या नावाचे लोक चांगला माल नासवतात. म्हणून आता हुकूम होता, एकही बॅग कापायची नाही. दुरुस्त करायची, पुन्हा विकायची, आणि तसं दिसलंही पाहिजे. जे दुकान हे नीट करेल त्याला विमानतळावर दुसरं दुकान मिळणार होतं. बाईंचा जीव त्या दुसऱ्या दुकानात अडकला होता.

पण जुनी खोड जाते कुठे? दुकान बंद असेल त्या दिवशी बाई स्वतः मागच्या खोलीत बसून बॅगा कापायच्या. दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. टाचणीवर मात्र बसला. सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी, उलटून न बोलणारी, "बरोबर बाई" म्हणणारी मुलगी. एके दिवशी बाईंनी तिलाच आत बोलावलं.

"घट्ट धर. सरकते मेली."

आणि टाचणीनं बॅग धरली. आईच्याच टेबलावर. बाईंची रापी तिच्या बोटांजवळून गेली, चामडं चरचरलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन ती आईसमोर बसली. "मी पाहिलं. अजून कापतात. उद्या कंपनीला सांगते, संपलं."

आई छत्रीची काडी ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय होईल?"

"बाई फाटतील."

"फाडू नकोस. फाटलं की माणूस ओरडतो, चार लोक जमतात, कीव करतात, कुणीतरी ठिगळ लावून देतो. उसव. एकेक टाका काढ. कळत नाही उसवताना. उचलायला गेलं की हातात तुकडे येतात."

टाचणीला आजवर वाटत होतं, डूख आपल्या एकटीच्याच पोटात आहे.

मग तिनं उसवायला घेतलं. बाईंच्या कानाशी हळूच म्हणाली, "बाई, कंपनीला दुरुस्तीचं फार वेड आहे. आपण म्हणू, मागच्या हंगामाचा सगळा माल आपण दुरुस्त करून ठेवला आहे." बाईंना पटलं. पुढच्या फोनवर त्या कंपनीला तसंच म्हणाल्या. टाचणी म्हणाली, "बाई, मागची खोली पण दाखवू. आरी, दोरा, सगळं मांडून." बाईंनी तेही कळवलं. असं करता करता कंपनीचा निरोप आला, की फार उत्तम. मुलीच्या प्रेझेंटेशनच्या दिवशी आमचे दोन साहेब येतील. तो सगळा दुरुस्त माल त्यांच्यासमोर मांडा, तो पाहूनच विमानतळाचं ठरेल.

बाईंच्या हातातला चहा तसाच निवला. माल तर पोत्यात होता, तुकडे झालेला.

"आता गं काय करू?" बाई म्हणाल्या. टाचणीला आजवर कुणी इतक्या लाचारीनं विचारलं नव्हतं. "शिवणारी कुणी आहे का ओळखीची? असा टाका, की दिसता कामा नये."

"एक आहे," टाचणी म्हणाली. "पण ती इथे येणार नाही. आपल्याला जावं लागेल."

गाडीत पोती भरली. गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा नळावर बायका होत्या. बाई उंच टाचांनी चिखल चुकवत उतरल्या. टाचणीनं दार वाजवलं नाही. ढकललं. आपल्याच घराचं होतं.

आई उंबऱ्यात आली. बाईंनी आईकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं.

"तू..." बाई टाचणीला म्हणाल्या.

"हो. मी. जिच्या पेन्सिली दारापर्यंत गेल्या होत्या ती."

दुसरी कुणी असती तर मागे वळली असती. पण हाव माणसाला पाय मागे घेऊ देत नाही. बाई आईला म्हणाल्या, "झालं गेलं विसरा. तुम्हाला हवं ते देते. फक्त एवढं शिवून द्या."

"तुम्हाला?" आई म्हणाली. "तेव्हा मी 'ए' होते."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

नळाचं पाणी कळशीतून वाहून चाललं होतं, पण कुणी कळशी उचलत नव्हतं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला.

"मोठ्यानं," आई म्हणाली. "तेव्हा मोठ्यानं लागत नव्हतं, दुकान लहान होतं. गल्ली लांब आहे."

"तुम्ही चोर नव्हता," बाई म्हणाल्या. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मामा गाडी लावून येत होता, तो जागीच थबकला.

आईनं पोत्यात हात घातला. एक बॅग काढली, कापाची कड अंगठ्यानं चाचपली. बाईंच्या चेहऱ्यावर जीव आला. आईनं बॅग परत पोत्यात ठेवली, पोत्याचं तोंड नीट गुंडाळलं.

"ऐकलं आम्ही," ती म्हणाली. "आता जा. मी तुमचं कापलेलं शिवत नाही."

आणि दार लावलं.

तसा टाका घालणारं दुसरं कुणी बाईंना मिळालं नाही, आणि ठरलेला दिवस टळत नव्हता. प्रेझेंटेशनच्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच सगळे जमले. कंपनीचे दोन साहेब, सर, भिंतीला ओळीनं विकणाऱ्या मुली, गल्ल्यावर ताई. इतक्या वर्षांत ताई तिथेच होती, फक्त आता तिला चष्मा होता. मधल्या लांब टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं, आणि त्या कापडावर काहीच नव्हतं.

"माल कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी घाई केली. त्यांच्या हातात एकच पान उरलं होतं आणि ते त्यांनी टाकलं. "साहेब, आधी या मुलीला विचारा ती कोण आहे. ही..."

"मी सांगते," टाचणी म्हणाली. आवाज चहा गाळतानाचा. "सर, तुम्ही वर्गात विचारलं होतं वैर आहे का. आहे. माझी आई इथे शिवायची. याच जागी तिला चोर ठरवून माझ्या खांद्यावरची बॅग तिच्याच हातानं कापायला लावली. मी ते लपवलं. आता माल. माल पोत्यात आहे, मागच्या खोलीत. मागच्या हंगामाची प्रत्येक बॅग कापलेली आहे. बाई कापत होत्या. मी धरत होते."

साहेब मागच्या खोलीत गेले. पोत्याचं तोंड उघडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. परत आले तेव्हा ते बाईंशी हळू आवाजात बोलले, इतक्या हळू, की बाईंना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. विमानतळाचं दुकान गेलं. हेही बंद होणार होतं, महिनाअखेरीस.

बाई मखमली खुर्चीत बसल्या. बसल्या कसल्या, खुर्चीनंच त्यांना धरलं म्हणा. टाचणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पोटभर बघून घेतलं. बरीच वर्षं उपाशी असलेलं माणूस पहिल्या घासाला घाई करत नाही.

सर तिच्याजवळ आले. "तुला कळतंय ना? प्रोजेक्ट रद्द. वर्गातही जागा नाही. एवढी दोन वर्षं..."

"कळतंय, सर."

"पदवी हवी नव्हती तुला?"

"हवी होती," ती म्हणाली. "पण आधी हे."

ती निघाली. गल्ल्यापाशी ताईनं तिला अडवलं. "थांब, आमचं काय गं?"

"काय?"

"बाईंचं झालं ते झालं. त्यांचं घर आहे, गाडी आहे. आम्ही पाच जणी कुठे जायचं?"

टाचणीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशीही तुम्ही इथेच उभ्या होतात, ताई. बोलल्या होतात?"

"नव्हते बोलले."

"मग?"

"मग काही नाही," ताई म्हणाली. "आज बोलतेय, तर तू ऐकत नाहीस."

टाचणीनं काचेचं दार ढकललं आणि ती पुढच्या बाजूनंच बाहेर पडली.

बाहेर ऊन रस्त्यावर पसरलं होतं. ती ताठ चालत गेली, पिशवी नाही, पुस्तक नाही, दोन्ही हात मोकळे. भिंतीशी उभ्या मुली आपसांत कुजबुजत होत्या, सर फोनवर बोलत होते, बाई जमिनीकडे बघत होत्या. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. फक्त ताई गल्ल्यामागून उठून काचेपाशी आली, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. टाचणीनं मागे वळून पाहिलं नाही.